छंदापुरत्या गॅसच्या टाक्या रास्त दरात आणि कायदेशीरपणे भरून मिळाव्यात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की आमच्या घरी शाडूच्या मूर्तींची लगबग सुरू होते. कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या आणि नात्यातल्या मिळून पंधरा-वीस मूर्ती मी दरवर्षी घडवतो आणि रंगवतो. डोळ्यांची आखणी ब्रशनेच होते, त्यात बदल करण्याची माझी इच्छा नाही. पितांबराच्या घड्यांतील सावली, सोंडेवरची आणि गालांवरची छटा यांसाठी मात्र मी एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारे हत्यार, वापरतो. एअरब्रशला दाबाखालची हवा लागते. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर कॉम्प्रेसर लावला तर खालच्या मजल्यावर त्याची घरघर ऐकू जाते, म्हणून मी कार्बन डायऑक्साइडची 2 किलोची टाकी घेतली. ती आवाज करीत नाही, तिला वीज लागत नाही आणि तिच्यातला गॅस कोरडा असल्याने रंगात पाण्याचा थेंब येत नाही. या टाकीत एकच अडचण आहे, ती संपल्यावर भरायची कुठे आणि किती पैशांत. आजचे पत्र त्याविषयीच आहे, कारण ही अडचण माझ्या एकट्याची नाही. काचेच्या पेटीत पाणवनस्पती वाढवणारे, जहाजांच्या आणि विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणारे, घरी सोडा करणारे, असे कितीतरी लोक हाच प्रश्न घेऊन औद्योगिक वसाहतींतून हिंडत असतात.

आधी हिशेब सांगतो. 1 किलो कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि बाहेर आल्यावर त्याचा सुमारे 540 लिटर वायू होतो. माझा एअरब्रश चालू असताना मिनिटाला साधारण 12 लिटर घेतो, म्हणजे किलोभर गॅसवर पाऊण तास फवारणी होते आणि 2 किलोत फूटभर उंचीच्या तीन-चार मूर्तींचे छटाकाम आटोपते. सोड्याच्या बाटलीसाठी मिळणारी 8 ग्रॅमची छोटी नळकांडी वापरून पाहावीत असे कोणी सुचवते, पण त्या एका नळकांड्यातून जेमतेम सव्वाचार लिटर वायू मिळतो. तेवढ्यावर एअरब्रश अर्धा मिनिटही चालत नाही आणि ते रिकामे नळकांडे पुन्हा भरता येत नाही, म्हणून हा सर्वांत महागडा मार्ग ठरतो.

आता भरण्याच्या खर्चाकडे वळू. माझ्या अनुभवात 2 किलोच्या टाकीला जेवढे पैसे मोजावे लागले, ते वेल्डिंगसाठीच्या मोठ्या सिलिंडरच्या भरण्याच्या जवळजवळ निम्मे होते, आणि गॅस मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मिळाला. यात कोणी फसवले असे मी म्हणत नाही. गॅसची किंमत त्या बिलात अगदी थोडी असते. टाकी तपासणे, जुना वॉशर काढणे, काट्यावर ठेवून भरणे, गळती पाहणे, नोंद करणे ही कामे मोठ्या सिलिंडरला जेवढा वेळ घेतात तेवढाच लहान टाकीलाही घेतात. दर पाच वर्षांनी करावी लागणारी पाण्याच्या दाबाची चाचणी, जिला सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात, तिचा खर्चही लहान टाकीला फारसा कमी येत नाही. शिवाय पन्नास मोठे सिलिंडर रांगेत असताना मधेच एका बारक्या टाकीसाठी जोडणी बदलायला भरणा केंद्रातला माणूस नाखूश असतो. "काका, ठेवून जा, तीन-चार दिवसांनी या," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यामागची त्याची अडचणही मला पाठ झाली आहे.

आणि नेमका येथेच माणूस आडवाटेला जातो. मीही गेलो होतो, ते सांगणे मला भाग आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, परवाना असलेले भरणा केंद्र लांब पडते म्हणून, एका गाळ्यात अर्ध्या पैशांत आणि अर्ध्या तासात भरून मिळते असे कळल्यावर मी तेथे टाकी नेली. त्या माणसाने टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून भरली. काटा कोपऱ्यात होता, पण त्याच्यावर रद्दीचे गठ्ठे होते. टाकी हातात देताना तो म्हणाला, "जरा जास्तच भरलंय, काळजी करू नका." मला बरे वाटले. घरी आल्यावर सवयीप्रमाणे वजन केले, तेव्हा टाकीच्या खांद्यावर कोरलेले रिकामे वजन वजा जाता आत 2 किलो 600 ग्रॅम गॅस निघाला. तो लगेच कमी करायला हवा होता. उद्या काम करताना वापरला जाईल अशा विचाराने मी टाकी पत्र्याखालच्या गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास व्हॉल्व्हमधली सुरक्षा चकती फुटली. शिट्टीसारखा कर्कश आवाज मिनिटभर चालू होता, गॅलरी पांढऱ्या धुक्याने भरली आणि तुळशीच्या कुंडीवर बर्फाचा चुरा साचला. चकतीने आपले काम केले म्हणून टाकी शाबूत राहिली. माझी सहा वर्षांची नात रोज त्याच वेळी त्या गॅलरीत पुस्तक घेऊन बसते. त्या दिवशी ती मामाकडे गेली होती.

असे का झाले हे प्रत्येक टाकीधारकाला ठाऊक असावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअसच्या खाली दाबाखाली द्रव होऊन राहतो आणि त्याच्यावर थोडा वायू असतो. 20 अंशांना आतला दाब 57 बारच्या आसपास असतो (1 बार म्हणजे साधारण आपल्या सभोवतालच्या हवेइतका दाब). टाकीत भरपूर द्रव असो वा थोडा, गेजचा काटा तोच आकडा दाखवतो. म्हणून गेज पाहून टाकी किती भरली हे कधीच समजत नाही, ते फक्त वजनावरून समजते. टाकीत 1 लिटर पाणी मावत असेल तर गॅस सुमारे दोन-तृतीयांश किलोच भरावा असा जो दंडक आहे, तो द्रवाला फुगण्यासाठी जागा राहावी म्हणून आहे. माझी टाकी 3 लिटर पाण्याच्या मापाची, म्हणजे तिच्यात 2 किलो हीच मर्यादा. तेवढा गॅस असता तर 40 अंशांच्या दुपारीही दाब 100 बारच्या थोडा वर राहिला असता. थंड टाकीत द्रव दाटून बसतो, त्यामुळे 2 किलो 600 ग्रॅम सहज मावले. मग टाकी कोमट होताच सगळी पोकळी द्रवाने भरली, आणि फुगायला जागा न उरलेल्या त्या द्रवाने दुपारच्या उन्हात दाब 200 बारच्याही पुढे नेला. नाशिकला हे घडले. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो, तेथे जादा भरलेल्या टाकीचे काय होईल याची कल्पना करावी.

यातून मी जे शिकलो त्यातले बरेचसे पैसे वाचवणारेही आहे. घरात 10 किलोपर्यंतचा काटा असावा. टाकी नेताना आणि आणताना तिचे वजन करावे, आणि खांद्यावर कोरलेले रिकामे वजन, पाण्याचे माप आणि शेवटच्या चाचणीचा महिना-वर्ष एका चिठ्ठीवर लिहून टाकीला बांधून ठेवावे. चाचणीची मुदत संपत आली असेल तर ती पावसाळ्याच्या आधीच करून घ्यावी, ऐन गणपतीत धावपळ करू नये. टाकी पूर्ण रिकामी करू नये, थोडा दाब आत राहू द्यावा, कारण उघड्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरून आतून गंज धरतो आणि मग आतली सफाई आणि तपासणी यांचा भुर्दंड बसतो. काम संपले की टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. रेग्युलेटरच्या जोडावर महिन्यातून एकदा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. माझा स्वतःचा अंदाज असा आहे की पहिल्या वर्षी मी जेवढा गॅस वापरला, जवळजवळ तेवढाच एका झिजलेल्या वॉशरमधून गळून गेला. वॉशर काही रुपयांना मिळतो.

आणखी एक गोष्ट पैशांपलीकडची आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि त्याला वास नसतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच बंद खोलीत अर्धा तास फवारणी केली तर हवेतले त्याचे प्रमाण सव्वा टक्क्यापर्यंत जाते. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी अर्धा टक्का ही मर्यादा मानतात. डोके जड होणे हे रंगाच्या वासामुळे आहे असे मला बरेच दिवस वाटत होते. आता मी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्याशिवाय टाकीला हात लावीत नाही.

ज्यांना अग्निशामकाची जुनी टाकी स्वस्तात मिळते, त्यांनी एक लक्षात ठेवावे. तिच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, त्यामुळे तिच्यातून वायूऐवजी थेट द्रव बाहेर येतो. तो रेग्युलेटरमध्ये गेला की रेग्युलेटर गोठतो आणि बिघडतो. अशी टाकी एअरब्रशसाठी वापरायची असेल तर परवानाधारकाकडून ती नळी काढून आणि योग्य व्हॉल्व्ह बसवून घ्यावा लागतो, आणि तो खर्च धरला तर स्वस्ताई फारशी उरत नाही. माझ्या भाच्याने अमेरिकेतून हौसेने आणलेल्या पेंटबॉलच्या टाकीचेही असेच झाले. अल्युमिनियमची सुबक टाकी, तिच्यावर तेथील परिवहन खात्याच्या मानकाचा शिक्का. पण आपल्याकडे मुख्य स्फोटके नियंत्रकांची मान्यता नसलेली टाकी परवानाधारक केंद्र भरीत नाही आणि त्याने भरूही नये. परदेशी रेग्युलेटरचे आटेही आपल्या व्हॉल्व्हला बसत नाहीत, मग लोक कोठल्या तरी लेथवर जोडणी कातून घेतात. मी आयुष्यभर लेथ चालवला आहे, आणि 57 बारवरची जोडणी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पितळेच्या तुकड्यातून कातून घेणे मला मान्य नाही.

ज्यांचे काम थोडक्या हवेवर भागते त्यांच्यासाठी एक मार्ग खरोखरच स्वस्त आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एअरब्रशला 15 ते 30 पीएसआय, म्हणजे साधारण 1 ते 2 बार, एवढाच दाब पुरतो. 20 लिटरची हवेची तयार टाकी, जिच्यावर कमाल दाब कोरलेला असतो, जिला स्वतःचे गेज आणि सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, ती आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे 8 बारपर्यंत भरून मिळते. एवढ्या हवेवर दहा-अकरा मिनिटे फवारणी होते. मूर्तीचा एक थर तेवढ्यात आटोपतो, तो वाळेपर्यंत टाकी पुन्हा भरून आणता येते. आमचा पंक्चरवाला मोटारीच्या एका चाकाचे पैसे घेतो, तेवढेच टाकीचे. त्या हवेत पाणी आणि किंचित तेल असते, म्हणून एअरब्रशच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवाच. काही जण यासाठी जुना घरगुती गॅसचा सिलिंडर किंवा गंजकी अग्निशामक टाकी वापरतात, ते मात्र करू नये. आतून किती पत्रा उरला आहे हे बाहेरून दिसत नाही. रोज काम करणाऱ्याने तर लहान बिनआवाजी कॉम्प्रेसरच घ्यावा, दोन-तीन वर्षांत तो टाकीपेक्षा स्वस्त पडतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांसाठी पाण्याखाली पोहणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या हाही पर्याय ठरू शकतो. तारकर्ली-मालवणला आणि गोव्यात स्कूबाचे व्यवसाय आहेत, तेथे 200 बारपर्यंत कोरडी, गाळलेली हवा भरण्याची यंत्रे असतात. चाचणी झालेली 10 लिटरची टाकी त्या दाबाला भरली तर सुमारे 2000 लिटर हवा मिळते, म्हणजे पावणेतीन तासांचे काम, आणि बंद खोलीत घुसमटण्याची भीती नाही.

दागिन्यांचे झाळकाम किंवा पितळेची जोडणी छंद म्हणून करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना ज्वाला लागते. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस काढून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो 2000 सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाने मना आहे, आणि मना नसता तरी करू नये असाच आहे, कारण सांडलेला गॅस जमिनीलगत पसरतो आणि शेजारच्या खोलीतल्या समईपर्यंतही जातो. तेल कंपन्यांचा 5 किलोचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून रीतसर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. छंदापुरत्या बर्नरला तो कित्येक महिने पुरतो.

हा 5 किलोचा सिलिंडर हेच माझ्या मागणीचे मूळ आहे. रिकामे द्या, भरलेले घ्या, ही पद्धत आपल्या घराघरांत दोन-तीन पिढ्या रुळली आहे. सिलिंडर कंपनीच्या मालकीचा, चाचणीची जबाबदारी कंपनीची. त्याच्या कडीच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, म्हणजे पुढची चाचणी त्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत आहे हे गृहिणीलाही वाचता येते. ग्राहक अनामत भरतो आणि बाकी काळजी करीत नाही. अमेरिका-युरोपात सोड्याच्या घरगुती यंत्रांच्या सुमारे 400 ग्रॅमच्या टाक्या दुकानात याच पद्धतीने बदलून मिळतात. मग कार्बन डायऑक्साइडच्या 2 आणि 5 किलोच्या टाक्या आपल्याकडे अशा का मिळू नयेत? भरणा केंद्राला एकेका गिऱ्हाइकाची टाकी वेगळी भरायची नसेल, तर महिन्यातून एक दिवस पन्नास-शंभर लहान टाक्या एकदम भरता येतील, जोडणी एकदाच बदलावी लागेल, आणि चाचणी झालेली, वजन करून भरलेली, मोहोर लावलेली टाकी वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात ठेवता येईल. खर्च कमी होण्याचा हाच खात्रीचा उपाय मला दिसतो. गॅसवर सवलत कोणी मागत नाही, हाताळणीचा खर्च वाटला गेला म्हणजे झाले.

यात कायद्याची आडकाठी आहे असे मला वाटत नाही. 1884 च्या स्फोटके अधिनियमाखालील गॅस सिलिंडर नियम 2016 मध्ये आले. अर्धा लिटरहून मोठ्या टाकीला ते लागू होतात आणि ती भरण्यासाठी परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. माझी त्या कार्यालयाला विनंती आहे की लहान टाक्या भरणाऱ्या परवानाधारकांची जिल्हावार यादी मराठीत करून ती अग्निशमन केंद्रांत आणि औद्योगिक वसाहतींच्या कार्यालयांत लावावी, आणि प्रत्येक भरणा केंद्रावर वजन करून भरण्याची नोंद ग्राहकाला लेखी देणे सक्तीचे करावे. आज माझ्यासारख्या माणसाला परवाना असलेला कोण आणि नसलेला कोण हे गाळ्यावरच्या पाटीवरून ओळखता येत नाही. बेकायदा भरणा करणाऱ्यांवर छापे पडल्याच्या बातम्या आपण छापता, त्या अवश्य छापाव्यात. पण त्या गाळ्यासमोर रांग लावणाऱ्यांना दुसरा पत्ता कोणता द्यायचा, याचेही उत्तर त्याच पानावर यावे असे मला मनापासून वाटते.

यंदाच्या मूर्तींचे रंगकाम मी पंक्चरवाल्याच्या हवेवर करीत आहे. माझी 2 किलोची टाकी नवी चकती बसवून, चाचणी करून कपाटाशेजारी उभी आहे. नाशिक, पुणे वा छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या परवानाधारक केंद्राने टाक्या बदलून देण्याची सोय सुरू केली, तर ती अनामत म्हणून जमा करायला मी पहिल्याच दिवशी हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टर्नर,
सिडको, नाशिक